ताटावरचा खटला

लग्नाच्या पंगतीत ‘माझ्या हातची एक’ म्हणून जो गृहस्थ पानात तिसरी जिलबी टाकतो, तोच हात धुताना शेजारी येऊन म्हणतो, ‘काय, तब्येत जरा जास्तच सुधारलेली दिसते!’ आग्रह करताना तो स्वतःला अगत्यशील समजतो, टोमणा मारताना हितचिंतक. आधी खाऊ घालायचे आणि मग खाल्ल्याबद्दल खटला भरायचा, हा आपल्याकडचा रीतसर शिष्टाचार आहे. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच पंगतीत बसलेले असतात आणि आरोपीने हसत राहावे अशी अपेक्षा असते. लठ्ठ माणसे विनोदी असतात हा समज यातूनच आला. त्यांच्यासाठी दुसरी भूमिका आपण शिल्लक ठेवलेली नाही. उमादेवी खत्री यांनी १९४७च्या ‘दर्द’मध्ये पार्श्वगायिका म्हणून नाव कमावले होते. देशाने त्यांना लक्षात ठेवले ते पडद्यावरची विनोदी ‘टुणटुण’ म्हणून, आणि मग शाळाशाळांतून एकेका मुलीला ते नाव बहाल केले.

विनोद थोडा वेळ बाजूला ठेवून आकडे पाहू. माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या १५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१०मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यात ५८ हजारांहून अधिक लोकांची माहिती होती. सुरुवातीला लठ्ठ असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांपेक्षा ५५ टक्क्यांनी जास्त निघाली. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी जास्त. म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी सारखाच वाहता आहे. ‘आधी वजन उतरव, मन आपोआप हलके होईल’ हा उपदेश जितका अर्धा आहे, तितकाच ‘आधी मन सांभाळ, वजन आपोआप उतरेल’ हाही. आणि हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ गटात मोडतात.

नैराश्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अन्न सुटलेला, झोप उडालेला, सुकत चाललेला माणूस येतो. वैद्यकशास्त्राला दुसराही प्रकार ठाऊक आहे. त्यात भूक वाढते, गोडाची आणि पिष्टाची ओढ लागते, झोप दहा-दहा तासांवर जाते आणि हातपाय शिशाचे झाल्यासारखे जड वाटतात. या माणसाला घरात आजारी समजत नाहीत. ‘खाणेपिणे व्यवस्थित आहे, झोप भरपूर आहे, मग कसले डिप्रेशन?’ असे म्हणून त्याच्या लक्षणांचाच पुरावा त्याच्याविरुद्ध वापरला जातो. बाई असेल तर तिला आळशी म्हणतात. तरुण मुलगा असेल तर त्याच्या हातात जिमची पावती ठेवतात.

आहार मनापर्यंत पोचतो कसा? पोटावरची चरबी म्हणजे मुकी साठवण नव्हे. तिच्यातून रसायने पाझरत असतात, आणि त्यांतली काही शरीरात सौम्य पण सततचा दाह पेटता ठेवतात. दाहाचा मनाशी संबंध काय, असे विचारणाऱ्याने हेपटायटिस-सीच्या जुन्या उपचाराकडे पाहावे. त्यात इंटरफेरॉन देत. प्रतिकारशक्तीला चेतवणारे ते औषध सुरू झाल्यावर, ज्यांना पूर्वी कधी नैराश्य नव्हते अशा कितीतरी रुग्णांना ते आले. मैदा, साखर, तळणीचे जुने तेल आणि पाकिटबंद पदार्थ यांवर चालणारे शरीर त्या दाहाला इंधन देते. शिवाय ते पदार्थ पोट भरतात आणि प्रथिने, लोह, फोलेट, बी-१२ यांची जागा अडवतात. लठ्ठ माणूस कुपोषित असू शकतो, ही गोष्ट आपल्या मनात शिरतच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेल्या पाहणीत दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी आढळले होते. याच याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. डोळ्यांनी जाड-बारीक ठरवून निकाल देणाऱ्यांनी एवढे जरी ध्यानात घेतले तरी त्यांचा बराच वेळ वाचेल.

येथे व्हॉट्सअॅपवरचे अर्धे ज्ञानही तपासून घेऊ. ‘आनंदाचे रसायन सेरोटोनिन ९० टक्के आतड्यात तयार होते, म्हणून पोट साफ तर मन साफ’ असे सांगणारे संदेश आपण सर्वांनी वाचले आहेत. पहिले अर्धे वाक्य खरे आहे. पण आतड्यातले सेरोटोनिन रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडून मेंदूत जात नाही. आतडे, तिथले जंतू आणि मेंदू यांच्यात देवाणघेवाण असते. ती कशी चालते हे शास्त्र अजून उलगडत आहे. तोवर त्या वाक्याच्या जोरावर चूर्णे विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावे.

मग पक्के असे काय आहे? ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठाच्या फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये ‘स्माइल्स’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले ६७ जण, १२ आठवडे. निम्म्यांना आहारतज्ज्ञाने भेटून ताट बदलायला मदत केली: भरड धान्ये, डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे, दही-दूध, सुकामेवा, मासे, अंडी, ऑलिव्ह तेल जास्त, गोड, तळलेले, मैद्याचे आणि प्रक्रिया केलेले मांस कमी. उरलेल्या निम्म्यांना तितकाच वेळ कोणीतरी सोबत दिली, गप्पा मारल्या, पत्ते खेळले. अखेरीस आहार गटातील ३२ टक्के लोक नैराश्याच्या रेषेबाहेर आले, सोबत गटातील ८ टक्के. चाचणी लहान होती. आपण कोणत्या गटात आहोत हे भाग घेणाऱ्यांना ठाऊक होते, त्यामुळे आशेचाही थोडा हात असणार. बहुतेकांचे औषध किंवा समुपदेशन आधीपासून चालूच होते, हे तर ठळक अक्षरांत लिहायला हवे. पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची ओळ वेगळीच आहे. या लोकांना कॅलरी मोजायला सांगितले नव्हते, पोटभर खाण्याची मुभा होती, आणि १२ आठवड्यांत त्यांचे सरासरी वजन बदलले नाही. वजनकाटा जागेवर होता आणि मन हलले होते.

याच ठिकाणी आपली सगळी घरगुती नीती कोसळते. आपण आहाराकडे वजन उतरवण्याची शिक्षा म्हणून पाहतो. चार किलो उतरले की आहार ‘लागू पडला’, नाही उतरले की ‘तू मनापासून करत नाहीस’. मनाला मिळणारा फायदा काट्यावर दिसत नाही, म्हणून तो हिशेबात धरलाच जात नाही. तीन आठवड्यांत कंटाळून माणूस पुन्हा बिस्किटांच्या पुड्याकडे वळतो, आणि सोबत अपयशाची एक नोंद वाढवून घेतो.

शिक्षेचा हा मार्ग किती घातक आहे याचा पुरावा ऐंशी वर्षांपूर्वीचा आहे. १९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून सैन्यात जायला नकार दिलेली ही माणसे स्वेच्छेने प्रयोगात उतरली होती; युद्धानंतर उपाशी युरोपला कसे खाऊ घालावे हे त्यातून शिकायचे होते. दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी. काही आठवड्यांतच ही निश्चयी, तत्त्वनिष्ठ माणसे चिडचिडी, उदास, एकलकोंडी झाली. पाककृतींची पुस्तके गोळा करू लागली, ताटे चाटू लागली. एकाच्या हातून कुऱ्हाडीने स्वतःची तीन बोटे तुटली. ते मुद्दाम केले की चुकून झाले हे त्याला स्वतःलाही सांगता आले नाही. ज्यांची इच्छाशक्ती तुरुंगाला घाबरली नाही त्यांची ही गत झाली. आज फोनवरून फिरणारे कितीतरी ‘डाएट चार्ट’ १,२०० कॅलरींचे असतात, आणि ते आधीच खचलेल्या माणसाच्या हातात ‘जरा मन घट्ट कर’ असे सांगून दिले जातात. कीज यांची माणसे लठ्ठ नव्हती, हे मान्य. वजन घटवण्याचा प्रत्येक प्रयत्न मन बिघडवतो असेही नाही. अमेरिकेतच मधुमेह आणि जास्त वजन असलेल्या ५ हजारांहून अधिक लोकांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, नियमित भेटी आणि व्यायामासह वजन उतरवायला मदत केली तेव्हा त्यांचे मन बिघडले नाही, उलट नैराश्याची लक्षणे कमी दिसली. फरक नेमका तिथेच आहे. एकीकडे सोबत होती. दुसरीकडे फक्त भूक.

भूक औषधाने मारली तर? तोही प्रयोग होऊन गेला आहे. रिमोनाबांट हे वजन घटवणारे औषध २००६मध्ये युरोपात आले. मेंदूतील ज्या यंत्रणेतून खाण्याची ओढ येते ती ते दडपत असे. वजन उतरायचे, पण त्याच यंत्रणेतून जगण्यातली इतर गोडीही येत असल्यामुळे नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढले, आणि २००८मध्ये ते बाजारातून काढावे लागले. सध्या वजन घटवण्याची नवी इंजेक्शने भारतात आली आहेत. ती वेगळ्या मार्गाने काम करतात, त्यांना रिमोनाबांटच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. तरी ती घेणाऱ्याला ‘मन कसे आहे?’ हा प्रश्न विचारला जावा, एवढा धडा त्या औषधाने दिलेला आहे.

आता आपल्या उपासाकडे वळू. संकष्टीच्या दिवशी एखाद्या घरात डोकावा. सकाळपासून तीन कप चहा झालेला. दुपारी साबुदाण्याची खिचडी. तुपात परतलेली, बटाट्याच्या फोडी, शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची. चार वाजता बटाट्याचे वेफर्स. चंद्र उगवेपर्यंत डोके चढलेले, मुलांवर दोनदा ओरडून झालेले, आणि मग नऊ-साडेनऊला मोदकांसह पूर्ण जेवण. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली. त्यांना विनोदबुद्धी होती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमही प्रथिन नाही. ज्या कंदापासून तो बनतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, चारही मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसानंतर समुद्र ओलांडून इकडे आलेले. कोणत्याही ऋषीने ही खिचडी पाहिलेली असणे शक्य नाही. तरी उपासाला ती चालते आणि भाकरी चालत नाही.

‘श्रद्धेला हात घालू नका,’ असे कोणी म्हणेल. घालत नाही. स्वतःच्या इच्छेने, प्रकृती सांभाळून कोणी उपास करीत असेल तर तो त्याचा प्रश्न आहे. आक्षेप आहे तो उपासाला वजनाचे औषध आणि खाण्याचे प्रायश्चित्त बनवण्याला. ‘काल पाप झालं, दोन गुलाबजाम खाल्ले, आज कडक उपास,’ हे वाक्य हसत बोलले जाते, पण ज्याचे मन आधीच स्वतःला दोषी ठरवते आहे त्याच्यासाठी ते चक्र आहे: कडक उपास, मग अनावर खाणे, मग शरम, मग त्याहून कडक उपास. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद घराघरांत रंगला. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण आटोपायला सांगते. ऋजुता दिवेकर घरचे, हंगामी, वेळेवर खायला सांगतात. कोणाचा फायदा कशाने झाला हा ज्याच्या त्याच्या अनुभवाचा भाग. पण दिवाणखान्यांतल्या त्या चर्चांत किती वेळा खावे यावर तावातावाने बोलणाऱ्यांनी खाणारा कोणत्या मनःस्थितीत खातो हे क्वचितच विचारले.

आणि खाणारी? घरातल्या बाईचे जेवण हा महाराष्ट्रातला न बोललेला विषय आहे. सगळ्यांचे झाल्यावर ती बसते. उसळीचा रस उरलेला असतो, दाणे संपलेले असतात. भात मात्र भरपूर असतो, आणि अन्न टाकणे पाप म्हणून कालचा भातही तीच संपवते. चार वाजता एकटेपणा आणि भूक एकदम लागतात. तेव्हा चहा आणि खारी. प्रथिने सर्वांत कमी तिच्या पानात, पिष्ट सर्वांत जास्त तिच्या पानात, आणि ‘किती सुटलीस!’ हे ऐकायचे तिनेच. तिच्या हातात आहारतक्ता देण्याआधी घरातल्यांनी एक करावे: तिला पहिल्या पंगतीला बसवावे. याला पैसा लागत नाही, आहारतज्ज्ञ लागत नाही. लागते ती फक्त थोडी लाज, आणि ती इतरांना.

‘पूर्वीच्या बायका याहून कष्टात होत्या, त्यांना कुठे डिप्रेशन होते?’ होते. त्याला बाहेरची बाधा म्हणत, अंगात येणे म्हणत, आणि विहिरीत पाय घसरला म्हणत. निम्हान्सने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराबाहेर असल्याचे दिसले. हा आकडा आजच्या काळातला आहे, आजीच्या नव्हे.

‘सगळे मनावर असते, तोंडावर ताबा हवा,’ हा आक्षेप सर्वांत प्रतिष्ठित आहे, कारण तो बारीक माणसाला फुकटात सद्गुणी ठरवतो. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांतून दिसते की माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकाचा मोठा वाटा, साधारण ४० ते ७० टक्के, आनुवंशिक असतो. उरलेल्यात झोप, पगार, शिफ्ट, थायरॉइड, काही औषधे, गल्लीतला वडापाव आणि लहानपणीची उपासमार हे सगळे येते. इच्छाशक्ती त्यात आहेच. पण तिला एकटीला आरोपी करणे हा तपास नव्हे, सोय आहे. म्हणजे लठ्ठपणा निरुपद्रवी आहे असे मी म्हणत नाही. मधुमेह, सांधे, हृदय, झोपेत अडकणारा श्वास हे सगळे खरे आहे. पण अपमानाने कोणाचे वजन उतरत नाही; अपमानित माणूस दवाखाना टाळतो, फिरायला जाणे टाळतो, आणि दार लावून खातो.

उलट टोकाचे उत्साही लोकही आहेत. ‘सगळे आहारानेच बरे होते, गोळ्या बंद करा.’ त्यांच्यासाठी २०१९ची ‘मूडफूड’ चाचणी आहे. युरोपातील चार देशांत, जास्त वजनाच्या आणि सौम्य उदासी असलेल्या १,०२५ लोकांना वर्षभर ओमेगा-३, ड जीवनसत्त्व, फोलिक आम्ल, सेलेनियम अशा पूरक गोळ्या किंवा नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. काहींना आहाराशी निगडित समुपदेशनही दिले. पूरक गोळ्यांनी नैराश्य टळले नाही. समुपदेशनानेही एकंदरीत ठोस फरक पडला नाही. त्याच वर्षी १६ चाचण्यांतील ४५ हजारांवर लोकांची माहिती एकत्र पाहिली गेली, तेव्हा आहारबदलाने उदासी कमी होते असे दिसले, पण परिणाम लहान होता. आहार हा उपचाराचा मदतनीस आहे, त्याला डॉक्टरची खुर्ची देऊ नये. आणि डबाबंद भुकट्या विकणाऱ्यांना तर कोणतीच खुर्ची देऊ नये. १९५४च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याच्या परिशिष्टात ज्या आजारांवर उपचाराचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना बंदी आहे, त्यांत लठ्ठपणाचे नाव आहे. तरी बसस्टॉपवर ‘३० दिवसांत १० किलो’ची पत्रके चिकटलेली असतातच. भूत उतरवणाऱ्या बाबाला आपण ओळखू लागलो आहोत. चरबी उतरवणाऱ्याला अजून ‘वेलनेस कोच’ म्हणतो.

शेवटचा आक्षेप खिशाचा. ऑलिव्ह तेल, बदाम, सामन मासा हे कोणाला परवडणार? ‘स्माइल्स’च्या संशोधकांनी हिशेब केला होता: भाग घेणाऱ्यांचा आधीचा खर्च आठवड्याला सरासरी १३८ ऑस्ट्रेलियन डॉलर, सुचवलेल्या आहाराचा ११२. बाहेरचे आणि पाकिटातले कमी झाले की पैसे वाचतात. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक, शेंगदाणे, जवसाची चटणी, अंडे, कोकणात बांगडा. या ताटावर तशी चाचणी झालेली नाही, पण घटक त्याच जातीचे आहेत, आणि करून पाहण्यात धोका नाही. अडचण पैशापेक्षा वेळेची आणि हातांची आहे. नैराश्यातल्या माणसाला कांदा चिरणेही डोंगराएवढे वाटते. त्याला ‘घरचे खा’ सांगून उपयोग नाही. कोणीतरी मटकी भिजत घातली पाहिजे, कोणीतरी सोबत बसून जेवले पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या आहारतज्ज्ञाने १२ आठवड्यांत सात वेळा भेटून हेच केले.

दवाखान्यांनीही आपला भाग उचलावा. गर्दीच्या वेटिंग रूममध्ये वजनकाट्यावर उभे करून कंपाउंडरने ‘ब्याण्णव!’ असे ओरडायची काही गरज नाही. आकडा कागदावर लिहिता येतो. वजनासाठी आलेल्याला दोन प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला का, आणि उदास, हताश वाटत राहिले का. बी-१२, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासावे. जोरात घोरतो का, हे विचारावे. उलट, मनोविकारतज्ज्ञाकडे गेलेल्याला औषधाने वजन वाढू शकते हे आधीच सांगावे. मिर्टाझापिन, ओलांझापिन यांसारख्या औषधांनी ते वाढते. आरशात पाहून रुग्ण गोळ्या परस्पर सोडतो, आणि घरचे म्हणतात, ‘बघ, गोळ्यांशिवाय चालतंय ना!’ तसे करू नये. डॉक्टरला सांगून औषध बदलता येते, मात्रा बदलता येते. डॉक्टर दूर असेल तर १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ आहे. फोन विनामूल्य लागतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.